देणगीदारांचं काम म्हणजे श्रीमंतांची मनधरणी का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही अमेरिकेत ग्रीन कार्डावर आहात. गेल्या निवडणुकीत एका पुरोगामी संघटनेसाठी दारोदार फिरलात, आणि आता त्याच संघटनेने तुम्हाला ‘डोनर एंगेजमेंट’ची, म्हणजे देणगीदारांशी नातं ठेवून निधी उभा करण्याची, पगारी जागा देऊ केली आहे. बरोबरचे कार्यकर्ते नाक मुरडतायत: खरं काम वस्तीत, हे तर श्रीमंतांची मनधरणी. तुम्हालाही पैसे मागण्याचा संकोच आहे. शिवाय ओळखीतले बरेच जण भारतीय, त्यातले अनेक एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, त्यांच्याकडे मागावं की नाही हे कळत नाही.

नोकरी घ्या असंच मी म्हणेन, पण संघटनेचा जमाखर्च पाहिल्याशिवाय नको. मी आधी फील्डमध्ये, म्हणजे वस्तीतल्या कामात, आणि नंतर निधीच्या बाजूला काम केलं आहे. संघटना कोणाचं ऐकते हे तिच्या जाहीरनाम्यात सापडत नाही. तिचा पैसा कोणाकडून येतो, वर्षाच्या कोणत्या महिन्यात येतो आणि कोणत्या अटींवर येतो, हे बघितलं की कळतं. या तिन्ही गोष्टी थोड्याफार हलवण्याची संधी ज्या मोजक्या लोकांना मिळते, त्यांत तुम्ही असाल.

मनधरणीच्या आक्षेपाला माझं उत्तर अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहराचं आहे. १९५५ च्या डिसेंबरमध्ये तिथल्या कृष्णवर्णीयांनी वर्णभेदाविरुद्ध शहर बसवर बहिष्कार घातला आणि तो ३८१ दिवस चालला. इतके दिवस हजारो माणसं कामावर कशी जात होती? मोटारींची सामायिक व्यवस्था उभी केली होती, आणि तिला पेट्रोल, दुरुस्ती, विमा असा रोजचा खर्च होता. जॉर्जिया गिलमोर नावाच्या स्वयंपाकीण बाईंनी बायकांचा एक गट जमवला. त्या घरी जेवण, सँडविच आणि केक करून विकायच्या आणि जमलेले पैसे सभेत आणून द्यायच्या. गटाचं नाव होतं ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’. पैसे कुठून आले असं कोणी विचारलं तर ‘कुठूनच नाही’ हे उत्तर खरंच ठरावं! त्यात मोलकरणींचे पैसे होते आणि नाव बाहेर येऊ नये असं वाटणाऱ्या काही गोऱ्या लोकांचेही. गिलमोरबाईंनी बहिष्काराचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खटल्यात साक्ष दिली, त्यांची नोकरी गेली, आणि त्यांनी स्वतःच्या घरातूनच खाणावळ चालवली. आता यातलं फंडरेझिंग कुठलं आणि संघटन कुठलं, हे वेगळं काढून दाखवा.

सेझार चावेझ यांनी १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात शेतमजुरांची संघटना सुरू केली तेव्हा महिना साडेतीन डॉलर वर्गणी ठेवली. शेतमजुराच्या कमाईत ही रक्कम लहान नव्हती. बाहेरचा पैसा मिळवता आला असता, पण वर्गणी भरणारा माणूस सभेत येऊन जाब विचारतो, हे त्यांना हवं होतं. मला विचाराल तर पुरोगामी संघटनांनी गेल्या काही दशकांत जे सर्वांत मोठं नुकसान करून घेतलं ते हेच: सभासदांची वर्गणी आकड्याने किरकोळ म्हणून सोडून दिली आणि फाउंडेशनच्या अनुदानावर संसार मांडला. अनुदान वाईट नसतं. पण अनुदान देणारा अधिकारी सभेत येऊन हात वर करत नाही, त्याचं मत फोनवर कळतं.

आता कायद्याकडे वळते, कारण या नोकरीतला निम्मा वेळ इथे जातो आणि बाहेरच्यांना याची कल्पना नसते. आमच्या धंद्यात पैशाला रंग असतो असं म्हणतात. ५०१(सी)(३) प्रकारच्या म्हणजे धर्मादाय संस्थेला (आम्ही तिला सी-थ्री म्हणतो) दिलेल्या देणगीवर देणाऱ्याला करसवलत मिळू शकते. त्याच्या बदल्यात १९५४ पासून कायद्याची अट आहे की ही संस्था कोणत्याही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात काही करणार नाही. पक्षनिरपेक्ष मतदार नोंदणी चालते, मुद्द्यांवर लोकशिक्षण चालतं, मर्यादेत लॉबिंगही, म्हणजे कायदे व्हावेत वा होऊ नयेत म्हणून लोकप्रतिनिधींमागे लागणंही, चालतं. संस्थेने लॉबिंग खर्चाच्या आकड्यावर मोजण्याचा, ५०१(एच) चा, पर्याय निवडला असेल तर पहिल्या ५ लाख डॉलर खर्चाच्या २० टक्क्यांपर्यंत आणि पुढे उतरत्या दराने, एकूण १० लाखांच्या कमाल मर्यादेत. कितीतरी संस्थांनी हा पर्याय निवडलेला नसतो, आणि मग त्या विधेयकाचं नावही घ्यायला घाबरतात. तुमच्या संघटनेने निवडलाय का, हे पहिल्या आठवड्यात विचारा.

५०१(सी)(४) म्हणजे सी-फोर संस्थेला दिलेल्या देणगीवर करसवलत नाही, पण ती मनमोकळं लॉबिंग करू शकते आणि निवडणुकीतही उतरू शकते, फक्त तेच तिचं मुख्य काम असता कामा नये. त्यापुढे पॅक आणि सुपर पॅक, म्हणजे निवडणुकीसाठीच पैसे जमवून खर्च करणाऱ्या समित्या. २०१० मध्ये ‘सिटिझन्स युनायटेड’ आणि ‘स्पीचनाऊ’ हे दोन न्यायालयीन निकाल लागले. त्यानंतर उमेदवाराशी संगनमत न करता स्वतंत्र खर्च करणाऱ्या गटांना, म्हणजे सुपर पॅकना, अमर्याद रकमा घेता येऊ लागल्या. थेट उमेदवाराला द्यायचं तर मर्यादा आहे: २०२५-२६ साठी एका व्यक्तीला एका फेडरल उमेदवाराला दर निवडणुकीमागे ३,५०० डॉलर. प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक) आणि अंतिम निवडणूक वेगळी धरली जाते, म्हणजे मिळून ७,०००. साध्या पॅकला वर्षाला ५,०००.

बऱ्याच संघटनांची सी-थ्री आणि सी-फोर अशी जोड असते: नाव जवळजवळ एकच, खाती वेगळी, आणि एकाच कर्मचाऱ्याचे तासही वेगळे नोंदलेले. देणगीदाराला यातलं काही माहीत नसतं आणि त्याला ते शिकवण्यातच तुमची खरी किंमत आहे. नेहमीचा प्रसंग सांगते. एखादा माणूस उत्साहाने म्हणतो, “माझ्या डोनर-अ‍ॅडव्हाइज्ड फंडात दोन लाख पडून आहेत, या सिनेटरला पाडायला वापरा.” हा फंड म्हणजे पुढे दान करण्यासाठी बाजूला ठेवलेलं खातं. ते होत नाही. त्या फंडात पैसे टाकतानाच त्याने करसवलत घेतलेली असते, तेव्हा तो पैसा उमेदवाराच्या बाजूने वा विरोधात कुठेच जाऊ शकत नाही. नवखा माणूस इथे ‘नाही चालत’ म्हणून फोन ठेवतो. जाणता माणूस सांगतो की हे दोन लाख सी-थ्रीच्या मतदार नोंदणीला द्या, आणि नोंदणीनंतर वर्षभर त्या मतदारांशी संपर्क ठेवण्याच्या कामाला. मग तुमच्या साध्या बँक खात्यातून २० हजार सी-फोरला द्या, कारण तेच आम्हाला मिळत नाहीत. करसवलत नसलेला पैसा दुर्मिळ असतो, म्हणून त्या २० हजारांना आमच्या लेखी फार वजन असतं.

फाउंडेशनबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवा. खासगी फाउंडेशन लॉबिंगसाठी म्हणून राखून ठेवलेलं अनुदान देऊ शकत नाही, पण सर्वसाधारण खर्चासाठी दिलेल्या अनुदानातून सी-थ्री संस्था आपल्या मर्यादेत लॉबिंग करू शकते. म्हणून प्रकल्पाला बांधलेल्या तीन लाखांपेक्षा अट नसलेले दोन लाख कितीतरी वेळा जास्त कामाचे. हे फाउंडेशनच्या लोकांना मान्य असतं, तरी त्यांच्या अर्जाचा नमुना प्रकल्पच मागतो. दरवर्षी सांगत राहायचं, दुसरा इलाज नाही.

तुमच्या ओळखीच्या लोकांबद्दल मात्र जरा थांबून बोलते, कारण इथे चांगली माणसं अडकतात. अमेरिकेच्या निवडणुकीत परदेशी नागरिकाने पैसे देणं बेकायदा आहे, आणि हे फेडरल, राज्य आणि स्थानिक अशा तिन्ही पातळ्यांवर लागू आहे. कायद्याच्या दृष्टीने एच-वन-बी, एल-वन, एफ-वन, एच-फोर अशा नोकरी, शिक्षण वा जोडीदाराच्या व्हिसांवरचे सगळे परदेशी नागरिकच. इथे वीस वर्षं कर भरला असला तरीही. ग्रीन कार्डधारकाला मात्र देणगी देता येते. आणि परदेशी नागरिकाकडे जाणूनबुजून देणगी मागणं हेही निषिद्ध आहे. म्हणजे तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर, जिथे अर्धे लोक व्हिसावर आहेत हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, तिथे उमेदवाराच्या देणगीची लिंक टाकणं ही गंमत नाही. देणगीच्या पानावर ‘मी नागरिक किंवा कायम रहिवासी आहे’ अशी चौकट असते. ती न वाचता टिचकी मारणारे लोक तुमच्याच लिंकवरून येतील.

नवरा व्हिसावर आणि बायको नागरिक, असं घर असेल तर बायको स्वतःच्या पैशातून देऊ शकते. नवऱ्याने ‘तू दे, मी तुला देतो’ म्हटलं की ते दुसऱ्याच्या नावाने दिलेली देणगी ठरतं, आणि तो गुन्हा आहे. मालकाने कर्मचाऱ्यांना देणग्या द्यायला लावून बोनसमधून भरपाई करणं हे त्याचंच मोठं रूप. लोक त्यात तुरुंगात गेलेले आहेत. कॉर्पोरेशनच्या खात्यातून फेडरल उमेदवाराला चेक देता येत नाही. ज्यांचा स्वतःचा छोटा आयटी धंदा आहे त्यांना हे दोनदा सांगावं लागतं, कारण घरचं खातं आणि कंपनीचं खातं त्यांच्या डोक्यात एकच असतं.

मग व्हिसावरच्या माणसाने काय करावं? तो बिनपगारी स्वयंसेवक होऊ शकतो. दारं ठोठावू शकतो, फोन करू शकतो, सभेला जाऊ शकतो. देणग्या आणि निवडणूक खर्चाच्या निर्णयात मात्र त्याने सामील व्हायचं नाही. स्थलांतरितांना कायदेशीर मदत देणाऱ्या किंवा कामगारांच्या हक्कांवर काम करणाऱ्या सी-थ्री संस्थेला तो देणगी देऊ शकतो. अशा माणसांना ‘तुमचं इथे काम नाही’ असं वाटू देऊ नका. उशिरा का होईना, यांतली बरीच माणसं ग्रीन कार्डावर येतात, आणि तोवर त्यांच्याशी कोण बोललं हे त्यांच्या लक्षात असतं.

तुमच्यासाठी एक ताकीद: ग्रीन कार्डावर असताना मतदार नोंदणीचा अर्ज स्वतःसाठी चुकूनही भरू नका, अगदी वाहन परवान्याच्या खिडकीवर कोणी पुढे सरकवला तरी. नागरिक असल्याचा खोटा दावा हा हद्दपारीपर्यंत नेणारा मामला आहे. नोंदणी मोहिमेत काम करायचं असेल तर तुमच्या राज्यात नागरिक नसलेल्यांना काय चालतं ते आधी संघटनेच्या वकिलाला विचारा.

आणखी एक नियम, जो नवख्यांना थक्क करतो. एकाच फेडरल उमेदवाराला २०० डॉलरहून जास्त देणाऱ्याचं नाव, पत्ता, व्यवसाय आणि नोकरीचं ठिकाण फेडरल निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर दिसतं. अ‍ॅक्टब्लू या डेमोक्रॅटिक आणि पुरोगामी बाजूच्या ऑनलाइन देणगी व्यवस्थेतून दिलं तर ५ डॉलरही दिसतात, कारण अ‍ॅक्टब्लू मधला दुवा म्हणून प्रत्येक देणगी नोंदवते. ही यादी बघून एखाद्याने कोणाला किती दिलं याचा अभ्यास करता येतो. पण त्या यादीतून नावं उचलून त्यांच्याकडे पैसे मागणं बेकायदा आहे. ते पकडता यावं म्हणून समित्यांना अहवालात काही बनावट नावं पेरायची मुभाच आहे, एका अहवालात दहापर्यंत. तेव्हा कोणी ‘मी रात्रभर बसून यादी काढली’ म्हणालं तर ती पुसायला लावा.

गुप्ततेचा मुद्दा निघाला आहे तर दुसरी बाजूही सांगते. अलाबामा राज्याने एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेकडे सभासदांची यादी मागितली. संघटनेने नकार दिला, १ लाख डॉलरचा दंड बसला, आणि १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संघटनेच्या बाजूने निकाल दिला. ती यादी बाहेर गेली असती तर लोकांच्या नोकऱ्या आणि जीव गेले असते. आज तोच निकाल गुप्त पैशावाले आपल्या बचावासाठी वापरतात. पुरोगामी गटही सी-फोरमधून गुप्त देणग्या घेतात आणि गुप्त देणग्यांवर बंदीचीही मागणी करतात. देणगीदार हे विचारतात. मी सांगते की होय, विसंगती आहे, नियम बदलेपर्यंत आम्ही आहे त्या नियमांनी खेळतो. गुळमुळीत उत्तर दिलं की तो माणूस तुम्हाला पुन्हा काही खरं विचारत नाही.

आता वेळेबद्दल, आणि माझा जीव इथे सर्वांत जास्त तुटतो. पैसा सम वर्षाच्या, म्हणजे निवडणुकीच्या वर्षाच्या, सप्टेंबर-ऑक्टोबरात धो धो येतो आणि नोव्हेंबरात आटतो. ऑक्टोबरात घाईने भरलेली मुलं नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या आत घरी बसतात. त्यांनी जोडलेल्या ओळखी, कोणत्या इमारतीत कोण ऐकतं, कोणत्या चर्चमध्ये कोण बोलावतं, हे सगळं त्यांच्याबरोबर जातं. दोन वर्षांनी पुन्हा पाटी कोरी. डेमोक्रॅटिक स्त्री उमेदवारांसाठी निधी उभा करणारी एमिलीज लिस्ट १९८५ मध्ये स्थापन झाली ती याच दुखण्यावर. लवकर आलेला पैसा पिठातल्या खमिराचं काम करतो, तो दिसला की पुढचा येतो, हे त्यांनी नावातच घातलं: एमिली म्हणजे ‘अर्ली मनी इज लाइक यीस्ट’ची आद्याक्षरं. दुसऱ्याच वर्षी बार्बरा मिकुल्स्की सिनेटवर निवडून आल्या.

रागाच्या भरात दिलेला पैसा कुठे जातो ते २०२० ने दाखवलं. सिनेटच्या निवडणुकीत केंटकीत रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनेल यांच्याविरुद्ध एमी मॅकग्रा यांना ९ कोटी डॉलरहून जास्त मिळाले, आणि त्या जवळजवळ २० टक्के मतांच्या फरकाने हरल्या. साउथ कॅरोलायनात सिनेटचे डेमोक्रॅटिक उमेदवार जेमी हॅरिसन यांना एकाच तिमाहीत ५ कोटी ७० लाख डॉलर आले, तो विक्रम होता, आणि ते सुमारे १० टक्क्यांनी हरले. देणाऱ्यांना त्या राज्यांचं काही पडलं नव्हतं, समोरच्या माणसाचा राग होता. आणि याच्या उलट टोकाला व्हर्जिनिया विधानसभेचा २०१७ चा ९४ वा मतदारसंघ ठेवा. शेली सायमंड्स आणि डेव्हिड यान्सी यांना ११,६०८-११,६०८ अशी बरोबरीत मतं. ४ जानेवारी २०१८ ला एका भांड्यातून चिठ्ठी काढली, ती यान्सींची निघाली, आणि त्यावर विधानसभेचं बहुमत ५१-४९ ठरलं. केंटकीत वाहून गेलेल्या पैशातला चिमूटभर वाटा एखाद्या विधानसभा मतदारसंघात वर्षभर आधी मिळाला तर काय होतं, हे देणगीदाराला समजावण्यासाठी मी नेहमी हाच मतदारसंघ सांगते.

शेवटच्या महिन्यातल्या पैशाविरुद्ध पुरावाही आहे. जोशुआ काला आणि डेव्हिड ब्रूकमन या राज्यशास्त्रज्ञांनी ४९ प्रत्यक्ष प्रयोग एकत्र पाहून २०१८ मध्ये मांडलं की सार्वत्रिक निवडणुकीत प्रचाराच्या संपर्काने मतपरिवर्तन सरासरी जवळपास शून्य होतं. याच दोघांनी २०१६ मध्ये मायामीतला अभ्यास प्रसिद्ध केला होता. दारात उभं राहून साधारण १० मिनिटं केलेल्या, निवाडा न देता ऐकणाऱ्या संभाषणाने ट्रान्सजेंडर लोकांबद्दलचा पूर्वग्रह कमी झाला आणि तो परिणाम किमान तीन महिने टिकला. ही पद्धत कॅलिफोर्नियात २००८ च्या मतदानात समलिंगी विवाहाचा पराभव झाल्यानंतर लॉस एंजेलिसच्या एलजीबीटी सेंटरने घडवली. त्यावरचा त्याआधीचा, २०१४ चा एक गाजलेला अभ्यास बनावट आकड्यांमुळे मागे घ्यावा लागला होता, आणि त्यातली गडबड शोधणाऱ्यांत हेच दोघे होते. मी हे देणगीदारांना सगळं सांगते, फसलेल्या अभ्यासासकट. अशी संभाषणं करायला माणूस शिकवावा लागतो, आणि शिकवायला फेब्रुवारीत पगार द्यावा लागतो. ऑक्टोबरात टीव्हीची जाहिरात विकत घेता येते, हे विकत घेता येत नाही.

छोट्या देणग्यांबद्दल फार बोलणार नाही, ते काम बहुधा डिजिटलवाल्यांकडे असेल. अ‍ॅक्टब्लू २००४ मध्ये सुरू झाली, बर्नी सँडर्स यांनी २०१६ मध्ये सरासरी २७ डॉलरवर प्रायमरीची मोहीम चालवली, इथवर सगळं चांगलं. पुढे ‘आज रात्री १२ पर्यंत, तुमच्या देणगीवर ५ पट भर’ असे मेसेज सुरू झाले. उमेदवाराच्या मोहिमेत हे बहुतेक वेळा थापच असते: ३,५०० ची मर्यादा असताना पाच पट भर घालणार कोण? यात वृद्ध माणसं भीतीपोटी पुन्हा पुन्हा पैसे देतात. तुमच्या संघटनेच्या नावाने असले मेसेज जात असतील तर ते थांबवायला भांडा, कारण त्याच माणसाला पुढच्या वर्षी तुम्ही फोन करणार आहात. खरी भर कशी असते ते न्यूयॉर्क शहरात दिसतं. तिथे महापौरपदाच्या उमेदवाराला रहिवाशाने दिलेल्या पहिल्या २५० डॉलरवर शहर आठपट भर घालतं. २०२५ च्या मार्चमध्ये तिथले महापौरपदाचे उमेदवार झोहरान ममदानी यांनी खर्चाची सुमारे ८० लाखांची मर्यादा गाठली गेली म्हणून लोकांना पैसे देणं थांबवायला आणि त्याऐवजी दारोदार फिरायला यायला सांगितलं. सिएटलमध्ये तर २०१७ च्या निवडणुकीपासून रहिवाशांना २५ डॉलरची चार व्हाउचर मिळतात, उमेदवाराला द्यायला. ग्रीन कार्डधारकालाही ती मिळतात.

मोठ्या देणगीदाराशी बोलायचं कसं, हा तुमचा खरा संकोच. तुम्ही दारोदार फिरलात ना? तेच करायचं. पहिला निम्मा वेळ समोरच्याला बोलू द्या. मी नेहमी विचारते, “तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा कशासाठी पैसे दिले होते?” उत्तरात आई येते, वडिलांचं युनियन येतं, एखाद्या मित्राचं एड्सने जाणं येतं. मग आमचं काम त्याच्याशी कुठे जुळतं ते सांगायचं, आणि जुळत नसेल तर तसंही सांगायचं. त्यानंतर नेमका आकडा: “या वर्षी आणि पुढच्या वर्षी २५ हजार द्याल का?” आणि मग गप्प बसायचं. ती शांतता नवख्यांना सहन होत नाही. ते स्वतःच म्हणतात, “किंवा जमेल तेवढं, अगदी पाच हजारही चालतील.” आणि पाचच मिळतात. समोरचा माणूस नकाराचा विचार करत नसतो हो, बऱ्याचदा तो मनात हिशेब करत असतो.

‘नाही’ आलं तर कशाला आलं ते विचारा. आत्ता नाही, एवढे नाही, या कामाला नाही, की तुम्हाला नाही? शेवटचं क्वचित असतं. ‘हो’ आलं तर दोन दिवसांत आभार, आणि मग सहा महिन्यांनी काय जमलं आणि काय फसलं याचा फोन, काही न मागता. वाईट बातमी आपणहून देणाऱ्या संघटनेला लोक सोडत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

मग येतो तो देणगीदार ज्याला दिशा द्यायची असते. एकदा भाडेकरूंच्या संघटनेसाठी एक भली, उदार व्यक्ती मोठी रक्कम द्यायला तयार होती. फक्त भाडेनियंत्रणाची मागणी जरा बाजूला ठेवा, हीटिंग आणि दुरुस्तीवर भर द्या, एवढंच म्हणणं. त्या व्यक्तीच्या स्वतःच्या इमारती होत्या हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणीच बोलत नव्हतं. आम्ही सांगितलं की मागण्या भाडेकरूंची समिती ठरवते, तुम्ही त्यांना भेटा, पटवून बघा. भेट झाली, तास-दीड तास वाद झाला, आणि मागणी जशीच्या तशी राहिली. रक्कम निम्मी आली. काही सहकाऱ्यांना ती निम्मी घेणंही पटलं नाही, आणि त्यांची बाजू मला आजही चूक वाटत नाही. मात्र तो निर्णय संचालकांच्या खोलीत फोनवर झाला असता तर मागणी हळूच गळली असती आणि भाडेकरूंना पत्ताही लागला नसता.

म्हणून देणगीदार आणि सभासद यांना समोरासमोर आणायला घाबरू नका, फक्त ते प्रदर्शन होऊ देऊ नका. घरातून काढलेल्या बाईला जेवणाच्या कार्यक्रमात उभं करून रडायला लावायचं आणि लगेच पाकिटं फिरवायची, हा प्रकार अजून चालतो आणि तो किळसवाणा आहे. काय सांगायचं हे तिने ठरवावं, तिच्या वेळेचे पैसे द्यावेत, आणि पैसे मागायचे तर तिनेच मागावेत. ती तुमच्यापेक्षा चांगलं मागते. स्वतः महिना दहा डॉलर वर्गणी भरणारी बाई जेव्हा समोरच्याला “मी माझा वाटा दिला, तुमचा?” असं विचारते, तेव्हा त्या प्रश्नाला फार थोडे लोक बगल देऊ शकतात.

आणि देणगीदारांचंही संघटन करा. २००५ मध्ये डेमोक्रसी अलायन्स उभी राहिली ती धनाढ्य लोकांनी एकत्र येऊन, लांब पल्ल्याचा विचार करून द्यावं म्हणून. ते वरच्या मजल्यावरचं काम झालं. पण दहा-बारा सामान्य पगारदार मित्रांनी एकत्र येऊन, वाचून, वाद घालून, एका राज्याच्या विधानसभेसाठी मिळून पैसे उभे करणं हेही तेच काम आहे, आणि तुमच्या ओळखीतल्या नागरिक आणि ग्रीन कार्डधारक मंडळींना ते छान जमेल. एकट्याने चेक लिहिणारा माणूस बातम्यांवर हेलकावे खातो. गटात देणारा पुढच्या वर्षीही देतो, कारण त्याला बाकीच्यांना तोंड दाखवायचं असतं.

मुलाखतीत काय विचाराल? उत्पन्नातला सर्वांत मोठा एक देणगीदार एकूण किती टक्के आहे. तीसच्या वर असेल तर त्या व्यक्तीचा मूड हाच संघटनेचा अर्थसंकल्प. अट नसलेला पैसा किती, सभासदांची वर्गणी किती, सी-फोरचा किती. गेल्या दोन वर्षांत कोणाला तरी ‘तुमचा पैसा नको’ म्हटलंय का, आणि तो निर्णय कोणी घेतला. फील्डच्या बैठकांना तुम्हाला बसू देणार का. ‘नाही, त्याची गरज नाही’ असं उत्तर आलं तर ती नोकरी फक्त यजमानपणाची आहे. कर्मचाऱ्यांची युनियन आहे का, आणि नसेल तर त्याबद्दल बोलताना समोरच्याचा चेहरा कसा होतो.

तुमचं ध्येय डॉलरमध्ये ठरवतील, तेव्हा दुसरंही लिहून मागा: गेल्या वर्षीच्या देणगीदारांपैकी किती जणांनी यंदा पुन्हा दिलं, आणि एकूण रकमेतली किती विषम वर्षात आली. नुसत्या रकमेवर मोजलं तर तुम्हीही ऑक्टोबरच्या मागे धावाल. आणि पगार कोणत्या खात्यातून येतो, तो निवडणुकीनंतरच्या जानेवारीत चालू राहणार आहे का, हे ऑफर लेटरमध्ये सहीसकट घ्या.